ताण मोजणारी माणसे

सोलापूर हे मागांचे गाव आहे. मागावरचे उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा, हे येथील मुलांना शाळेत शिकवावे लागत नाही. ताणा सैल राहिला तर कापड नीट उतरत नाही आणि फाजील ओढला तर धागा तुटतो, हेही त्यांना घरीच समजलेले असते. मनाच्या बाबतीत मात्र 'ताण' हा शब्द मराठीत बराच उशिरा आला. आपल्या आजोबा-पणजोबांना चिंता होती, काळजी होती, धास्ती होती, लेकीच्या लग्नाचा घोर होता, 'ताण' नव्हता. याचा अर्थ त्यांचे आयुष्य सुखाचे होते असा नव्हे. १८७७ च्या सुमारास येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे कित्येक पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर उठल्या. त्यांना काय सोसावे लागले असेल याची कल्पना करता येते. पण सोसणे वेगळे आणि त्या सोसण्याला मोजता येईल असे नाव मिळणे वेगळे.

या नावाची एक गंमत विज्ञान शिकवणाऱ्यांच्या लक्षात आली असेल. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात 'स्ट्रेस'ला प्रतिबल म्हणतात आणि त्यामुळे वस्तूच्या आकारात जो बदल होतो त्याला विकृती, म्हणजे 'स्ट्रेन'. बाहेरून येते ते एक, आत घडते ते दुसरे. मॉन्ट्रियल येथे संशोधन करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी १९३६ साली 'नेचर' या साप्ताहिकात एक छोटे पत्र छापले. उंदरांना थंडीत ठेवा, अतिश्रम करायला लावा, विषारी द्रव्ये टोचा. कारण कोणतेही असो, त्यांच्या शरीरात तेच तीन बदल दिसतात, असे त्यात म्हटले होते. अधिवृक्क ग्रंथी सुजतात, थायमस ग्रंथी आक्रसते आणि जठरात व्रण पडतात. शरीराच्या या ठराविक प्रतिसादाला सेल्ये यांनी पुढे 'स्ट्रेस' म्हटले. वास्तविक तो 'स्ट्रेन' होता. आपले इंग्रजी अधिक पक्के असते तर आपण तो शब्द घेतला असता, असे त्यांनी नंतर सांगितले. आपण मराठीत दोन्हींसाठी 'ताण' हा एकच शब्द वापरतो. 'मला ताण आहे' असे शिक्षक म्हणतात तेव्हा ते साठ मुलांच्या वर्गाबद्दल बोलत असतात की स्वतःच्या डोकेदुखीबद्दल, हे त्यामुळे कळत नाही. हा घोटाळा नुसता शब्दांचा नाही. लेखाच्या शेवटी त्याच्याकडे पुन्हा यावे लागेल.

सेल्ये यांच्या आधी, १९१५ साली, हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी 'लढा किंवा पळा' ही प्रतिक्रिया वर्णन केली होती. संकट समोर दिसले की अधिवृक्क ग्रंथीतून ॲड्रेनॅलिन सुटते, हृदय जोरात चालते, रक्तदाब चढतो, पचन थांबते. वाघ समोर आला असता हे उपयोगी पडते. मुख्याध्यापकांची चिठ्ठी आली असता लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. रक्तदाब मात्र चढून बसतो. रक्तदाब सहज मोजण्याचे साधनही तेव्हा नवेच होते. दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर दाब वाचण्याची पद्धत इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दिली आणि स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही दाब ओळखण्याची युक्ती रशियाच्या कोरोत्कॉव्ह यांनी १९०५ मध्ये सुचवली. मनाची अस्वस्थता आता पाऱ्याच्या उंचीत वाचता येऊ लागली.

आजकाल 'माइंडफुलनेस' हा शब्द शाळांच्या वर्तुळातही ऐकू येतो. श्वासावर लक्ष ठेवा, अंगातील संवेदना पाहा, विचार येतील ते येऊ द्या आणि जाऊ द्या, असे त्याचे स्वरूप असते. दिल्ली सरकारने २०१८ पासून आपल्या शाळांच्या वेळापत्रकात त्याला जागा दिली. ही पद्धत अमेरिकेतून आली, अशी बहुतेकांची समजूत असते. काहींची समजूत याच्या उलट टोकाला असते. आपल्या ऋषींनी हे सर्व आधीच सिद्ध केले होते, आता मोजायचे काय राहिले, असे ते विचारतात. दोन्ही समजुतींत एक मोठा तुकडा गाळला जातो, आणि तो आपल्या अगदी जवळचा आहे. सोलापूरहून मुंबईला जाणारी गाडी पुणे सोडल्यावर तासाभरात लोणावळ्याला पोचते आणि तेथून घाट उतरते. हा तुकडा त्या लोणावळ्यात आणि घाटाखाली मुंबईच्या परळमध्ये घडला.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ साली गुजरातेतील डभोई येथे झाला. मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली होती. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात ते व्यायाम शिकले, मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्याकडे योग शिकले, आणि मधल्या काळात खानदेशात अमळनेरला त्यांनी अध्यापन केले. म्हणजे वाचकहो, हे गृहस्थ आपल्याच पेशातले. पुढे ते स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांच्या डोक्यात एक प्रश्न होता. हठयोगाच्या ग्रंथांत आसने, बंध, क्रिया यांची जी फळे सांगितली आहेत त्यांतली खरी किती, आणि खरी असतील ती कोणत्या मार्गाने घडतात?

१९२० च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणांच्या साहाय्याने पहिले प्रयोग केले. विषय होता उड्डियान आणि नौली. नौलीमध्ये पोटाचे मधले स्नायू दांड्यासारखे पुढे काढतात. बस्ती या क्रियेत योगी पाण्यात बसून, कोणत्याही पिचकारीविना, मोठ्या आतड्यात पाणी खेचून घेतात, अशी परंपरा आहे. पाणी वर कसे चढते? जुन्या पठडीतले उत्तर होते की अपानवायूच्या योगाने. कुवलयानंदांनी आतड्यातील दाब पाऱ्याच्या दाबमापीने मोजला. नौली करताना तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणजे आत अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते, असे त्यांना आढळले. मग पाणी वर ढकलण्याचे काम बाहेरच्या हवेचा दाब करतो. नळीने सरबत पिताना तो जे करतो तेच. गुरूंच्या स्मरणार्थ त्यांनी या स्थितीला 'माधवदास व्हॅक्यूम' असे नाव दिले. नाव गुरूचे, स्पष्टीकरण टॉरिचेलीचे! या नामकरणात आम्हाला त्या माणसाचा सगळा स्वभाव दिसतो.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. ते आजही निघते. त्याच्या सुरुवातीच्या अंकांचा एक भाग आकडे, आलेख आणि क्ष-किरण चित्रांनी भरलेला असे आणि दुसरा भाग आसनांच्या वर्णनांनी. आसने करताना रक्तदाब किती बदलतो, प्राणायामात किती प्राणवायू शोषला जातो आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे प्रश्न तेथे घेतले गेले.

त्यांतील प्राणायामाचे उत्तर आजच्या शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. 'प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो' हे वाक्य आपण अजूनही व्याख्यानांत ऐकतो. कुवलयानंदांनी १९३० च्या दशकाच्या आरंभीच, मोजमापे करून, प्राणायामाचे महत्त्व यात नाही असे सांगितले. निरोगी माणसाच्या धमन्यांतील हिमोग्लोबिन साध्या श्वसनातही जवळजवळ पूर्ण भरलेले असते. भरलेल्या घागरीवर आणखी पाणी ओतले तर ते बाहेरच सांडणार. प्राणायामाचा उपयोग असेल तर तो चेतासंस्थेवर होणाऱ्या परिणामात शोधावा, असे त्यांचे मत होते. योगाश्रमाच्या संस्थापकाने योगाच्या बाजूने केला जाणारा एक लोकप्रिय युक्तिवाद आपल्याच प्रयोगशाळेत खोडून काढावा, ही गोष्ट आम्हाला त्यांच्या कोणत्याही यशस्वी प्रयोगाइतकीच मोलाची वाटते.

बाहेरची माणसेही तेथे येऊ लागली. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे के. टी. बेहानन, मूळचे त्रावणकोरचे, तेथे राहून शिकले आणि १९३७ साली त्यांनी योगाच्या शास्त्रीय परीक्षणावर पुस्तक लिहिले. त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. प्राणायामानंतर लगेच बेरजा, हाताची चपळाई वगैरे चाचण्या घेतल्या तर कामगिरी थोडा वेळ खालावते, असे त्यांना दिसले. मन शांत होते, पण मंदही होते. एका माणसावरच्या प्रयोगावरून नियम काढता येत नाही, हे खरे. तरी गणिताच्या पेपरापूर्वी पाच मिनिटे प्राणायाम करून घेणाऱ्या उत्साही शिक्षकांनी बेहानन यांची आठवण ठेवायला हरकत नाही.

लोणावळ्यात आलेल्या सर्वांनाच शांतीची ओढ होती असे नाही. कित्येकांना चमत्कार हवे होते. सोलापूर हे शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या समाधीचे गाव असल्यामुळे 'योगी' आणि 'समाधी' हे शब्द येथे आदराने घेतले जातात. त्याच शब्दांच्या आधारे देशभर खेळही होत असत. कोणी स्वतःला खड्ड्यात पुरून घेई, कोणी हृदय थांबवून दाखवी. १९३५ साली तेरेझ ब्रॉस या फ्रेंच डॉक्टर बाई हृदयाचा विद्युतआलेख काढण्याचे यंत्र घेऊन हिंदुस्थानात आल्या आणि हृदयावर ताबा मिळवणारे योगी आपल्याला आढळले, असे त्यांनी लिहिले. १९५७ मध्ये अमेरिकेतून वेंगर आणि बागची हे दोघे शास्त्रज्ञ अधिक चांगली उपकरणे घेऊन आले. कैवल्यधामात आणि इतरत्र त्यांनी 'हृदय थांबवणाऱ्यां'ची तपासणी केली. ब्रॉस यांनी तपासलेले एक गृहस्थही त्यांत होते. दिल्लीचे डॉ. आनंद यांच्यासह त्यांनी १९६१ साली निष्कर्ष छापले. मनगटावर नाडी लागत नव्हती, स्टेथोस्कोपमध्ये ठोका ऐकू येत नव्हता, पण विद्युतआलेखावर हृदय चालूच होते. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की छातीतील दाब वाढतो, शिरांतून हृदयाकडे परतणारे रक्त अडते, आणि हृदयाला पुढे ढकलायला रक्तच फारसे उरत नाही. आवळलेल्या स्नायूंच्या आवाजात ठोके बुडून जातात. एकाने मात्र हृदयाची गती खरोखर बरीच मंद केली.

चमत्कार उतरला आणि मागे जे उरले ते लहान होते, पण टिकाऊ होते. श्वास, स्नायू आणि लक्ष यांच्या मार्फत माणूस आपल्या हृदयाच्या कामात थोडाबहुत फरक पाडू शकतो. हा थोडाबहुत फरक आजारी माणसाच्या उपयोगी पडेल काय?

हा प्रश्न परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी घेतला. त्यांच्याबरोबर देशमुख, दळवी आणि कैवल्यधामचे डॉ. विनेकर होते. त्यांचा निबंध १९६९ साली 'अँजिऑलॉजी' या नियतकालिकात आला. विषय होता रक्तदाबाच्या रोग्यांवर शवासनाचा उपयोग. उपचारासाठी शवासन निवडले यातच शहाणपण होते. नौली शंभरात एखाद्याला जमेल. उताणे पडून राहणे आजीबाईलाही जमते.

पण केवळ पडून राहणे म्हणजे शवासन नव्हे, हे या मंडळींनी नीट सांगितले होते. रोग्याने उताणे झोपायचे, हातपाय किंचित दूर ठेवायचे, पापण्या मिटायच्या. श्वास पोटाने, संथ आणि एका लयीत घ्यायचा. श्वास घेतल्यावर किंचित थांबायचे आणि सोडल्यावर त्याहून थोडे जास्त. लय बसली की लक्ष नाकपुड्यांवर न्यायचे. आत येणारी हवा थंड लागते, बाहेर जाणारी उबदार. तेवढेच जाणत राहायचे. यामुळे रोगी आतून जागा राहतो आणि त्याचे नेहमीचे विचार मागे पडतात, असे त्यांचे म्हणणे होते. रोज तीस मिनिटे. नीट जमायला सुमारे तीन आठवडे लागत.

'माइंडफुलनेस'च्या कोणत्याही अलीकडच्या पुस्तकातील पहिला धडा आणि ही कृती शेजारी ठेवून पाहावी. फरक शोधावा लागेल.

रोगी ४७ होते. दहा जणांना औषध दिलेले नव्हते. बावीस जणांचा दाब औषधाने आटोक्यात होता. पंधरा जणांचा औषध घेऊनही नीट आटोक्यात नव्हता. पहिल्या गटात सरासरी दाब पाऱ्याच्या १३४ मिलिमीटरवरून १०७ वर आला. (येथे सरासरी दाब म्हणजे खालच्या दाबात वरच्या-खालच्यातील फरकाचा एक-तृतीयांश मिळवून येणारा आकडा.) दुसऱ्या गटातील निम्म्याहून अधिक रोग्यांचे औषध मूळच्या सुमारे एक-तृतीयांशावर आणता आले. तिसऱ्या गटात यश कमी लोकांना मिळाले. ज्यांच्या धमन्या आधीच कठीण झाल्या असतील त्यांना स्वस्थ पडण्याने किती लाभ होणार?

विज्ञानाच्या शिक्षकाने येथे हात वर करून विचारले पाहिजे : तुलनेचा गट कोठे आहे? शवासन न करता नुसतेच तितके आठवडे रुग्णालयात येत राहिलेले रोगी कोठे आहेत? रक्तदाबाची एक खोड अशी की तो पहिल्या भेटीत जास्त भरतो. डॉक्टर, पट्टा, पांढरा डगला या सर्वांची सवय झाली की आपोआप थोडा उतरतो. शिवाय ज्यांचा दाब फार चढलेला आहे अशांनाच आपण निवडतो, तेव्हा पुढच्या वेळी त्यांतील काहींचा आकडा उतरणारच. चाचणीत सर्वांत कमी गुण पडलेल्या दहा मुलांची पुन्हा चाचणी घेतली तर काही न शिकवताही त्यांची सरासरी थोडी वर येते, हे आपण वर्गात पाहतोच. दाते यांच्या निबंधाने ही शंका पुरती मिटत नव्हती.

ती मिटवण्याचे काम लंडनजवळ क्रॉयडन येथे दवाखाना चालवणाऱ्या डॉ. चंद्रा पटेल यांनी केले. त्यांनी शवासनाला एका उपकरणाची जोड दिली. त्वचेच्या विद्युतरोधातील बदलावरून ते रोग्याला आपण किती सैलावलो हे आवाजाने कळवत असे. १९७३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी वीस रोग्यांचे अनुभव छापले. १९७५ मध्ये नॉर्थ यांच्याबरोबर त्यांनी खरी कसोटी लावली. ३४ रोगी घेतले आणि कोणी कोणत्या गटात जायचे हे नशिबावर सोपवले. एका गटाला शिक्षण दिले. दुसऱ्याला तितक्याच वेळा बोलावले, तितकाच वेळ स्वस्थ पडायला सांगितले, पण पद्धत शिकवली नाही. शिकलेल्या गटाचा दाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला. न शिकलेल्या गटाचाही उतरला, १६९/१०१ वरून १६०/९६ वर. म्हणजे नुसत्या येण्या-जाण्याने आणि पडण्याने ९ मिलिमीटर, आणि शिकण्याने २७. त्या ९ चा आकडा आम्हाला २७ इतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण तो नसता तर २७ ला अर्थ आला नसता. पुढे दुसऱ्या गटालाही शिकवले, तेव्हा त्याचाही दाब आणखी उतरला.

आता या गोष्टीचा दुसरा पदर. नाकपुडीशी थंड-उबदार श्वास जाणत राहणे ही युक्ती हठयोगापेक्षा बौद्ध परंपरेत अधिक ठळक आहे. तेथे तिला आनापानसती म्हणतात. पाली 'सती' म्हणजे संस्कृत 'स्मृती', पण अर्थ आठवण हा नव्हे. मराठीत त्याला सर्वांत जवळचा शब्द 'भान' असावा. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये त्यासाठी 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द योजला आणि तो चिकटला. हे पाली वाङ्मय मराठीत आणणारे धर्मानंद कोसंबी हे गोव्यातील साखवाळचे. घर सोडून, सिलोनमध्ये पाली शिकून आणि ब्रह्मदेशात राहून ते परतले, १९१२ पासून काही वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते, आणि ध्यानाच्या पद्धती सांगणाऱ्या 'विशुद्धिमार्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डपर्यंत जाऊन आले. त्यांचे 'समाधिमार्ग' हे मराठी पुस्तक १९२५ चे. म्हणजे लोणावळ्यात दाबमापी घेऊन एक माणूस काम करू लागला त्याच सुमारास, दुसरा माणूस श्वासावर चित्त कसे ठेवावे हे मराठीत लिहीत होता.

हे दोन पदर मुंबईत १९६९ साली फार जवळ आले. ज्या वर्षी दाते यांचा निबंध निघाला त्याच वर्षी जुलै महिन्यात सत्यनारायण गोयंका यांनी मुंबईत विपश्यनेचे पहिले दहा दिवसांचे शिबिर घेतले. गोयंका ब्रह्मदेशातील व्यापारी. तीव्र अर्धशिशीने ते त्रस्त होते आणि त्या दुखण्यामुळेच ते १९५५ मध्ये ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते. ऊ बा खिन हे सरकारचे महालेखापाल आणि ध्यानाचे शिक्षक. केवळ डोकेदुखी घालवायची असेल तर ही विद्या शिकवणार नाही, ती त्याहून मोठ्या कामासाठी आहे, असे त्यांनी सुनावले. इगतपुरीचे केंद्र १९७६ मध्ये उभे राहिले.

आणि तीनच वर्षांनी, १९७९ मध्ये, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जॉन कबात-झिन यांनी अगदी दुखणी आणि ताण यांसाठीच वर्ग सुरू केला. ते रेण्वीय जीवशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले. बौद्ध परंपरांतील ध्यान आणि हठयोगातील आसने त्यांनी धार्मिक वेष्टन काढून एकत्र केली. या वर्गातील 'बॉडी स्कॅन' म्हणजे शवासनात पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवणे. ऊ बा खिन यांच्या शिष्याने नाकारले नसते, पण ऊ बा खिन यांनी बहुधा नाकारले असते, असे ते मिश्रण होते.

हे सर्व चालते कसे? संपूर्ण उत्तर आजही नाही, पण एक भाग पक्का आहे आणि तो वर्गात दाखवता येतो. दीर्घ, संथ श्वास घेताना मनगटाची नाडी धरून ठेवावी. श्वास आत जाताना ती किंचित जलद होते, बाहेर जाताना मंदावते. श्वास सोडताना व्हेगस या चेतेचा हृदयावरील लगाम आवळला जातो. श्वास सोडल्यावर अधिक थांबायला सांगणाऱ्या दाते यांच्या पद्धतीत हा लगाम अधिक वेळ धरला जात असावा, असा आमचा तर्क आहे. विचारांच्या बाबतीत मात्र आपण अजून अंधारात चाचपडतो.

२०१४ मध्ये अमेरिकेत ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. (पुन्हा ४७, केवळ योगायोग.) सुमारे साडेतीन हजार माणसे. चिंता, खिन्नता आणि वेदना यांवर मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला. रोजच्या ताणावर त्याहून दुबळा. व्यायाम किंवा औषध यांपेक्षा ध्यान सरस आहे असे दिसले नाही. म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या सहकाऱ्याने हे सर्व वाचून गोळ्या बंद करू नयेत. दाते आणि पटेल या दोघांनी औषध कमी केले ते पट्टा बांधून, दाब वाचत वाचत केले होते.

शाळांच्या बाबतीतला निकाल तर आपल्याला थेट लागू आहे. ब्रिटनमध्ये ऐंशीहून अधिक शाळांत, अकरा ते चौदा वयाच्या आठ हजारांवर मुलांवर मोठी चाचणी झाली. कोणत्या शाळेत सजगतेचे तास घ्यायचे हे येथेही नशिबावर सोपवले होते. २०२२ मध्ये निकाल आले. मुलांच्या मनःस्वास्थ्यात, नेहमीचे शिक्षण देणाऱ्या शाळांच्या तुलनेत, काही फरक पडला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. गंमत म्हणजे फरक पडला तो शिक्षकांत. शिकवण्यासाठी आधी स्वतः शिकलेल्या शिक्षकांचा थकवा काही काळ कमी झाला.

आणि येथे तो प्रतिबल-विकृतीचा घोटाळा पुन्हा समोर येतो. श्वास पाहिल्याने आत घडणारी विकृती थोडी उतरते. बाहेरचे प्रतिबल जसेच्या तसे राहते. यंत्रमागाच्या खडखडाटाशेजारी एका खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलीला शांत जागा हवी असते. तिला डोळे मिटून बसायला सांगणे गैर नाही, पण शाळेची एक खोली संध्याकाळी उघडी ठेवणे हे अधिक सरळ उत्तर आहे. सजगतेचे तास त्या खोलीच्या बदल्यात दिले जाऊ लागले तर आमचा त्यांना विरोध राहील.

ज्या शिक्षकांना स्वतः पडताळून पाहायचे असेल त्यांच्यासाठी एक प्रयोग सुचवतो. त्याला घड्याळाशिवाय काही लागत नाही. नववीच्या वर्गातील मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. शांत मुली एकीकडे आणि दंगेखोर मुले दुसरीकडे असे आपण निवडून करू नये. सर्वांनी पूर्ण एक मिनिट नाडी मोजून लिहावी. मग एका गटाने दहा मिनिटे डोळे मिटून नाकपुडीशी श्वास जाणत बसावे आणि दुसऱ्याने तितकाच वेळ गोष्टीचे पुस्तक वाचावे. पुन्हा नाडी मोजावी. पुस्तक वाचणाऱ्यांचीही नाडी बहुधा उतरलेली दिसेल. तो आकडा फळ्यावर आधी लिहावा आणि दुसरा त्याच्या शेजारी.